बेदाणे खाल्लेला कुत्रा ‘बरा दिसतोय’ म्हणून थांबू नका

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

तासगाव भागात बेदाण्याच्या शेडवर राखणीला कुत्रा असतोच. आमच्याकडे मोती होता. गेल्या मार्चमध्ये निवडणीला ठेवलेलं पोतं त्याने दुपारी फाडलं आणि दोन-तीन मुठी बेदाणे खाल्ले. कुणीतरी म्हणालं, “पोट फुगंल त्याचं, मिठाचं पाणी पाजा, पडंल सगळं.” मी तांब्याभर पाजलं. तो दोनदा ओकला, संध्याकाळी शेपटी हलवत भाकरीही खाल्ली. आम्ही निर्धास्त झालो. तिसऱ्या दिवशी त्याने भाकरीला तोंड लावलं नाही, मग लघवी बंद झाली. डॉक्टरांकडे नेलं तोवर मूत्रपिंडं निकामी झाली होती. चार दिवस सलाईन लावलं. मोती वाचला नाही.

पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षं पिकवणाऱ्या आम्हाला द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विषारी असतो, हे ठाऊक नव्हतं. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो, म्हणजे मूठभर बेदाणे खाणं म्हणजे त्याच्या चौपट वजनाची द्राक्षं खाणं. एखाद्या कुत्र्याला काहीच होत नाही, दुसरा थोड्याशा बेदाण्यांनीही दगावतो. त्यामुळे ‘आमचा तर रोज खातो’ या बोलण्यावर विसंबू नये. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल यामागे असावं, असा अंदाज अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २०२१ साली मांडला. हे आम्ल चिंचेतही भरपूर असतं.

डॉक्टरांनी सांगितलेलं मनाला लागून राहिलं. पहिल्या एक-दोन तासांत आणला असता तर इंजेक्शन देऊन ओकवता आलं असतं आणि लगेच सलाईन लावून मूत्रपिंडं बहुधा वाचवता आली असती. मिठाच्या पाण्याने रक्तातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात, तो उपाय करूच नये. दूध-तुपाने विष उतरत नाही. कुत्रा गुंगीत असेल किंवा ॲसिड, रॉकेल प्यायला असेल तर ओकवणं उलट जिवावर बेततं. आपण फक्त फोन करायचा आणि काय खाल्लं, किती, केव्हा, कुत्र्याचं वजन अंदाजे किती, एवढं सांगायचं. पाकीट असेल तर बरोबर न्यायचं. चॉकलेट, कांदा-लसूण, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं शुगरफ्री च्युइंगम यांनाही हेच लागू. झायलिटॉलने तर अर्ध्या तासातही रक्तातली साखर उतरून कुत्रा कोसळतो.

माझ्या दोन विनंत्या आहेत. द्राक्ष बागायतदारांच्या शिबिरांत फवारणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), भाव यांवर तासन्‌तास बोललं जातं, तिथे पाच मिनिटं यासाठी द्यावीत. आणि आपल्या दैनिकाने रात्री उपलब्ध असणाऱ्या पशुवैद्यांचे फोन नंबर, त्यांची संमती घेऊन, हंगामभर छापावेत. यंदा आमच्या शेडवर मोतीचं पिल्लू आहे. पोती आता आम्ही माळ्यावर ठेवतो आणि जाळीखाली सांडलेले बेदाणे रोज संध्याकाळी झाडून घेतो.

– एक बेदाणा उत्पादक, ता. तासगाव, जि. सांगली