'आमच्या मुलाचं आम्ही बघू' म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय मुलांच्या राहून गेलेल्या लसींचा आहे. पेपरला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, त्यामुळे लांबलं तर तुम्हीच कात्री लावा.

आम्ही मानपाड्याला राहतो, घोडबंदर रोडवरच्या असंख्य टॉवरांपैकी एकात. मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या एका मुलाचा चौथा बड्डे होता, रविवारी संध्याकाळी, खाली क्लबहाऊसमध्ये. पोराला सर्दी होती, डोळे जरा लाल, अंग कोमट. आई म्हणाली एसीमुळे झालं असेल, आणि कुणाला त्यात काही वाटलंही नाही, कारण ठाण्यात सध्या सर्दी नसलेलं पोर शोधून दाखवा. त्याने केकवर जोरात फुंकर मारली, आम्ही सगळ्यांनी तो केक खाल्ला. माझी धाकटी बहीण दोन महिने आमच्याकडे राहायला आलीय, ती सात महिन्यांच्या बाळाला घेऊन जेमतेम दहा मिनिटं डोकावून गेली. गुरुवारी त्या मुलाच्या कानामागे आणि कपाळावर पुरळ उठलं. रक्त तपासायला गेलं, रिपोर्ट आला तेव्हा जवळजवळ आठवडा होत आला होता. गोवर.

आता गोवराच्या लसीचा पहिला डोस नऊ महिन्यांनंतर देतात, म्हणजे आमचं बाळ अजून रांगेतच नाही. डॉक्टरांनी सांगितलं की संपर्क आल्यावर ७२ तासांच्या आत लस टोचली तर कधीकधी उपयोग होतो, पण आम्हाला कळेपर्यंत ते तास कधीच संपले होते. मग तीन आठवडे वाट बघायची. बहीण रोज सकाळी उठून बाळाच्या कानामागे बघायची आणि रात्री दोनदा उठून थर्मामीटर लावायची, सासूबाईंनी पाळण्याला कडुलिंबाचा पाला बांधला, म्हटलं बांधा, त्याने काही नुकसान नाही.

बाळाला काही झालं नाही. पण हे पत्र लिहायचं कारण त्यानंतरचं आहे.

सोसायटीच्या ग्रुपवर मी एवढंच विचारलं की बाकी मुलांचे दोन्ही डोस झालेत ना, कार्ड एकदा बघून घ्या. त्यावर त्या मुलाच्या वडिलांचा मेसेज आला, पहिला डोस दिला होता, दुसरा घर शिफ्ट करायच्या गडबडीत राहिला, आणि 'आमच्या मुलाचं आम्ही बघू'. त्याला सतरा थम्सअप! एकाने तर लिहिलं, लसीने काय होतं, कोरोनाचे तीन डोस घेऊनपण मला दोनदा कोरोना झालाच की.

सावकाश सांगते, कारण चिडून ग्रुपवर लिहिलं तेव्हा कुणी वाचलं नाही.

गोवराचा विषाणू हवेतून पसरतो. पेशंट खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत तो हवेत राहू शकतो. आता आमची लिफ्ट डोळ्यासमोर आणा, पंखा बंद, सकाळी शाळेची वेळ, सात माणसं आणि चार दप्तरं. त्यात पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच पेशंट दुसऱ्यांना रोग देत असतो, म्हणजे ज्या वेळी आईला वाटतंय नुसती सर्दी आहे नेमकं त्याच वेळी. म्हणून त्या माऊलीवर माझा राग अजिबात नाही, तिला बड्डेच्या दिवशी कळायचा काही मार्गच नव्हता. एकच गोष्ट हातात होती, दीड वर्षाचा असताना द्यायचा तो दुसरा डोस. पहिला नऊ महिन्यांना दिला तर शंभरातल्या साधारण ८५ मुलांना संरक्षण मिळतं, दोन्ही झाले की ९५च्या पुढे जातं. मधली जी मुलं राहतात त्यांच्यासाठीच दुसरा डोस आहे, तो काही 'बूस्टर असला तर बरा' असला प्रकार नाही.

गोवराची साखळी तोडायची तर शंभरातली साधारण ९५ मुलं सुरक्षित हवीत असं म्हणतात. हा आकडा कुठून येतो ते मला माझ्या नववीतल्या मुलीने वहीवर करून दाखवलं. कुणालाच लस नसेल तर गोवराचा एक पेशंट १२ ते १८ जणांना रोग देतो. समजा १८. त्या अठरांपैकी सतरा जण सुरक्षित असतील तर पुढे एकालाच लागण होते, त्याच्याकडून आणखी एकाला, म्हणजे साखळी कशीबशी चालूच राहते. सतरा भागिले अठरा करा, ९४ आणि काहीतरी येतं. त्याच्यावर गेलात की साखळी तुटते. म्हणजे १०० मुलांमागे पाच-सहाच जागा मोकळ्या आहेत, आणि त्या नऊ महिन्यांखालच्या बाळांनी, केमोथेरपी चालू असलेल्या मुलांनी, ज्यांना लस देताच येत नाही अशांनी आधीच भरून टाकल्यात. आळसासाठी जागा उरतच नाही.

२०२२ च्या शेवटी गोवंडीत काय झालं ते आठवत असेलच, तुमच्याच पेपरात रोज येत होतं. लॉकडाऊनमध्ये कित्येक मुलांचे डोस राहिले होते. भिवंडीपर्यंत, मालेगावपर्यंत गोवर गेला, लहान मुलं दगावली. तेव्हा साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायला घेतला आणि जिथे तान्ह्या बाळांमध्ये केसेस जास्त होत्या तिथे सहा महिन्यांपासूनच लस द्यायची वेळ आली.

आता कोरोनावाल्या काकांचं. त्यांचं अगदीच चूक नाही, हे मला मान्य करावं लागेल. इंजेक्शन दंडात, विषाणू शिरतो नाकातून, आणि नाकातलं संरक्षण काही महिन्यांत ओसरतं, त्यात विषाणू रूप बदलत राहिला. पण 'झालाच की' म्हणजे 'उपयोग शून्य' असं कसं? इंग्लंडमध्ये २०२१ साली हजारो घरांचा हिशेब मांडला होता, लस घेतलेल्या माणसाला कोरोना झाला तर त्याच्याकडून घरच्यांना लागण होण्याचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी कमी दिसलं. पुढे डेल्टा, ओमायक्रॉन आले तसा हा फायदा घटला, हेही खरं. पण ज्या महिन्यांत तो होता त्या महिन्यांत कितीतरी घरातले आजी-आजोबा वाचले असतील. काकांनाच आठवण करून देते, १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस आणि वर १४ दिवस झाल्याशिवाय लोकलचा पास मिळत नव्हता, तेव्हा ठाणे स्टेशनला सर्टिफिकेट छातीशी धरून माझ्या पुढे तेच उभे होते.

मला सगळ्यात जास्त पटलेलं उदाहरण जपानचं. तिथे १९६२ पासून शाळेतल्या मुलांना फ्लूची लस देत होते. मुलांना! आणि मरायचं प्रमाण कमी झालं म्हाताऱ्यांचं, कारण फ्लू घरी आणणारी ही पोरंच असतात. लोकांचा विश्वास उडत गेला, १९९४ ला कार्यक्रम बंद केला, आणि हिवाळ्यातले वृद्धांचे मृत्यू परत वर गेले. नंतर अभ्यासकांनी अंदाज काढला की त्या लसीकरणाने वर्षाला ३७ ते ४९ हजार मृत्यू टळत होते. म्हणजे नातवाच्या दंडात सुई आणि आजी वाचली.

आणि आपल्याकडे हे अवघड जाऊ नये हो. पावसाळ्यात पालिकेची माणसं येऊन कुंड्यांच्या ताटल्या, फ्रीजच्या मागचा ट्रे बघून जातात, पाणी साचलेलं सापडलं तर आपण ओशाळतो. 'आमच्या डासांचं आम्ही बघू' असं कुणी म्हणत नाही, कारण ७०२ च्या ताटलीत जन्मलेला डास ५०४ मध्ये जाऊन चावतो हे सगळ्यांना माहितीये.

सासूबाईंच्या दंडावर देवीच्या लसीचा तो गोल व्रण अजून आहे. त्या म्हणतात आमच्या वेळी देवी काढायला माणूस आला की अख्खी आळी बोलवायचे. माझ्या मुलीला तो व्रण नाही, कारण तो रोगच १९८० साली जगातून गेल्याचं जाहीर झालं.

शेवटी एक विनंती. पालिकेच्या आरोग्य केंद्रांत मुलांना लस फुकट देतात, पण कुठल्या केंद्रात कुठल्या वारी हे टॉवरमधल्या लोकांना ठाऊकच नसतं, आशाताईंना गेटवरून वर सोडत नाहीत आणि प्लेग्रुपवाले ॲडमिशनला कार्डाची झेरॉक्स घेऊन फायलीत लावतात, वाचत कुणी नाही. गडकरीला आणि घाणेकरला कुठलं नाटक आहे ते आम्ही तुमच्या पेपरात बघतोच, त्याच्याच बाजूला आठवड्याच्या लसीकरणाचं वेळापत्रक छापाल का? दोन इंच जागा पुरेल. आमच्या सोसायटीच्या बोर्डावर कापून लावायची जबाबदारी माझी.

आपली,
एक वाचक, मानपाडा, ठाणे (प.)