बालवाडीच्या आधीचा रस्ता

प्रति,
संपादक,

रविवार पुरवणीत बालशिक्षणाच्या वाटचालीवरचा लेख वाचला. नूतन बालशिक्षण संघ १९२६ साली स्थापन झाला. त्याच्या शताब्दीच्या निमित्ताने गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांची आठवण काढलीत, हे फार चांगले केलेत. लेखातला युरोपचा भाग मात्र किंडरगार्टनचे जनक फ्रोबेल यांच्यापासून सुरू होतो आणि त्याआधीचे ओबरलीन 'एका दयाळू धर्मगुरूने चालवलेले विणकामाचे वर्ग' एवढ्या एका ओळीत आटोपतात. हा माणूस १ जून १८२६ रोजी वारला, म्हणजे संघाची शताब्दी आणि त्याची द्विशताब्दी एकाच वर्षात येते. त्याचे काम दयाबुद्धीतून झालेले फुटकळ काम नव्हते. एका ल्यूथरन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) पाळकाने आपल्या मंडळीचे, म्हणजे चर्चच्या लोकांचे, पाळकपण नेमके कसे केले, त्याचाच तो भाग होता. आधी रस्ता, मग शेती आणि मग वर्ग, हा क्रम समजून घेतल्याशिवाय ते वर्ग का टिकले, हे कळत नाही.

योहान फ्रीडरिश ओबरलीन मूळचे स्ट्रासबुर्गचे, जन्म १७४०चा. १७६७च्या मार्चअखेर ते फ्रान्सच्या पूर्वेकडच्या व्होज डोंगरातल्या वाल्डर्सबाखला पाळक म्हणून आले आणि मरेपर्यंत, म्हणजे ५९ वर्षे, तिथेच राहिले. वाल्डर्सबाख, बेलमाँ, बेलफॉस, फूदे आणि सोल्बाक या पाच डोंगरी खेड्यांची मिळून त्यांची मंडळी. जमीन हलकी, हिवाळा लांबलचक, बोली अशी की पुस्तकी फ्रेंच मुलांच्या डोक्यावरून जावी. त्यांच्या आधीचे पाळक श्टूबर यांनी शाळेची चौकशी केली तेव्हाची गोष्ट तिकडे अजून सांगतात. शाळामास्तर म्हणून एक म्हातारा दाखवला गेला. काय शिकवता विचारले, तर म्हणाला, काहीच नाही, मलाच काही येत नाही. आधी तो गावची डुकरे राखायचा. ते झेपेना म्हणून गावाने त्याला पोरे राखायला बसवले होते. मास्तरकीची अशी अवकळा झाल्यामुळे चांगल्या घरचा मुलगा त्या कामाला यायला तयार होईना. श्टूबरनी मग पदाचे नावच बदलून भारदस्त केले, तेव्हा माणसे मिळाली. ओबरलीनना मिळालेली सुरुवात ही अशी होती.

त्यांनी बालवर्ग नंतर केले, आधी रस्ता धरला. कारण साधे आहे. खोऱ्यातून स्ट्रासबुर्गकडे जायला धड वाट नव्हती. पावसाने आणि बर्फाने महिनोन् महिने गावे तुटायची. पिकले ते विकता येत नव्हते, म्हणून हातात पैसा नव्हता. पैसा नाही म्हणून अवजारे नाहीत, आणि अवजारे नाहीत म्हणून पीक नाही. अशा घरात आई-बाप दोघेही दिवसभर शेतात राबणार आणि लहान पोर एकटे दारात बसणार. ओबरलीननी रोथाऊकडे जाणारा रस्ता काढायचा म्हटल्यावर गावकऱ्यांनी सांगितले की हे होणे नाही, ज्याला त्याला आपापली कामे आहेत. तेव्हा रविवारी उपदेश करणारा पाळक सोमवारी स्वतः खांद्यावर कुदळ टाकून निघाला. काटेरी झुडपांची आणि निसरड्या कड्याची जागा तो स्वतःकडे घ्यायचा. हळूहळू माणसे मागे आली. अवजारे पुरेनात तेव्हा ती स्ट्रासबुर्गहून मागवली. कडे सुरुंगाने फोडले, ब्रुश नदीच्या बाजूने संरक्षक भिंत घातली आणि पूल बांधला. या सगळ्याआधी, अगदी सुरुवातीला, काही जणांनी या नव्या पाळकाला गाठून चोपायचा बेतही केला होता. म्हणजे लोक वाट पाहत बसले होते आणि तारणारा आला, असा हा मामला नव्हता.

शेतीत त्यांनी केलेले काम तर आजच्या कृषी सहायकाने वाचावे असे आहे. बटाटा हे तिथले मुख्य अन्न होते, पण उत्पन्न वर्षागणिक घटत निम्म्याच्याही खाली आले होते. जमीन थकली, असे लोक म्हणत. दोष मुख्यतः बेण्यात होता. तेच घरचे कंद वर्षानुवर्षे लावले की त्यांतून विषाणूरोग पुढच्या पिकात उतरत जातात आणि कंद बारीक होत जातो. विषाणू ही गोष्ट तेव्हा कुणाला ठाऊक असणे शक्यच नव्हते. ओबरलीननी अनुभवाने ओळखले आणि जर्मनी, स्वित्झर्लंड, लोरेन इथून नवे बेणे आणले. आपल्याकडे खेड-आंबेगावचे बटाटा उत्पादक बेणे पंजाबातून आणतात, तेही याच कारणाने. जवसाचे बी त्यांनी रीगाहून मागवले. खतासाठी पाला, शेवाळ, जुन्या लोकरी चिंध्या, काही वाया घालवायचे नाही.

फळझाडांच्या बाबतीत ते उपदेशाच्या वाटेला गेलेच नाहीत. पाळकाच्या घराला लागून मंडळीच्या दोन पडिक वाड्या होत्या आणि त्यांतून गावची पायवाट जायची. तिथेच त्यांनी चार-पाच फूट खोल चर खणले, प्रत्येक रोपाला मानवेल अशी माती आणून भरली आणि सफरचंद, आलुबुखार, चेरी, अक्रोड लावले. येणारा-जाणारा पाहू लागला. दोन-तीन वर्षांनी माणसे स्वतःहून विचारायला आली, तेव्हा त्यांनी कलम बांधायला शिकवले. पुढे दृढीकरणाच्या, म्हणजे चर्चचे पूर्ण सभासद होण्याच्या विधीच्या, वर्गाला येणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीने दोन झाडे लावल्याचा आई-वडिलांचा दाखला आणायचा, असा नियमच झाला. विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली) आणि बायबलमधली वचने पाठ असणे पुरेसे नव्हते.

पैशाचा व्यवहारही तसाच चोख होता. अवजारे घाऊक आणून मूळ किमतीला, हप्त्याने द्यायची. एक कर्जनिधीही उभा केला. त्यात ठरल्या दिवशी परतफेड चुकली, तर काही काळ त्या माणसाला पुन्हा कर्ज मिळायचे नाही. बचत गट चालवणाऱ्या बायकांना हा नियम ओळखीचा वाटेल. तो नसला की पहिले दोन थकबाकीदार अख्खा निधी बुडवतात. स्वतःच्या तुटपुंज्या मिळकतीतून त्यांनी दशांशाच्या (देवकार्यासाठी काढून ठेवायच्या हिश्शाच्या) तीन पेट्या ठेवल्या होत्या. पहिली उपासनेच्या खर्चाची, दुसरी रस्ते, शाळा, शिक्षकांचे पगार अशा गावकामाची, तिसरी गरिबांची. पाळकपणाचे वेगळे आणि समाजकार्याचे वेगळे असे दोन कप्पे त्यांच्या मनात नव्हतेच, हे त्या पेट्या पाहिल्या तरी कळते.

आता ते विणकामाचे वर्ग. बेलमाँच्या सारा बान्झेत या तरुणीला विणकाम येत होते आणि ती शेजारची पोरे घरी जमवून त्यांना शिकवत होती. ओबरलीननी हे पाहिले आणि १७६९च्या सुमारास तिला पगार देऊन याच कामाला नेमले. तिच्या वडिलांना मुलीने शेतीचे काम सोडून पोरांत बसावे हे पसंत नव्हते, त्यांचीही समजूत काढावी लागली. हिवाळ्यात भट्टीने उबदार झालेल्या खोलीत शाळेच्या वयाच्या आतली मुले गोलाने बसत. हात सुयांवर, कान गोष्टीकडे. जिथे दोन बाया असत तिथे एक हातकाम पाही आणि दुसरी खेळ. वाळवलेली वनस्पती दाखवायची, तिचे नाव आधी गावच्या बोलीत विचारायचे, मग फ्रेंचमध्ये सांगायचे. रंगीत चित्रे, प्राण्यांची माहिती, आधी आपल्या खोऱ्याचा नकाशा आणि मग बाहेरचा. बोलीकडून भाषेकडे नेणारी ही पायरी गाळली की मूल गप्प बसते, आणि गप्प बसलेले मूल शिकत नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांना वारली मुलांबाबत हेच हाताळावे लागले. मुले गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात नेण्याची त्यांची युक्तीसुद्धा याच जातीची आहे. त्यांनी ओबरलीनकडून काही घेतले, असे मी म्हणत नाही. अडचण सारखी असली की उत्तरेही जवळपास येतात.

सारा १७७४ मध्ये ऐन तारुण्यात गेली. पण काम थांबले नाही, कारण ते पाचही गावांत बायकांच्या हाती सोपवलेले होते. त्यांतली बेलफॉसची लुईझ शेप्लर पंधराव्या वर्षी पाळकाच्या घरी कामाला आली. १७८३ मध्ये ओबरलीनची पत्नी वारल्यावर तिने घर आणि मुले सांभाळली, वर्गही सांभाळले आणि पुढे पगार घ्यायचे नाकारून मला मुलगी माना असे पत्र लिहिले. १८२९ मध्ये फ्रेंच अकादमीने तिला सद्गुणाचा पुरस्कार दिला. फ्रोबेलने 'किंडरगार्टन' हे नाव घेतले ते १८४० साली, म्हणजे साराच्या खोलीनंतर सुमारे ७० वर्षांनी.

ओबरलीनचे सगळेच आपल्याला पटण्यासारखे नाही. पत्नी मृत्यूनंतर कित्येक वर्षे आपल्याला भेटायला येते, असे ते मनापासून मानत. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात उपासनेवर बंदी आली तेव्हा त्यांनी सभेच्या नावाने मंडळी एकत्र ठेवली आणि १७९४ मध्ये अटकही सोसली. पुढे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या लग्राँ कुटुंबाने खोऱ्यात फिती विणण्याचा धंदा आणला. त्याच घरातले दानिएल लग्राँ फूदेला राहून कारखान्यातल्या बालमजुरीविरुद्ध आंतरराष्ट्रीय कायदा व्हावा म्हणून युरोपातल्या सरकारांना लिहीत राहिले. ओबरलीनची कबरही फूदेलाच आहे आणि वाल्डर्सबाखच्या पाळकाच्या घरात आता त्यांचे संग्रहालय आहे.

लेखमालेचा पुढचा भाग अंगणवाडी सेविकांवर असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात सारा बान्झेत आणि लुईझ शेप्लर ही दोन नावे छापावीत, एवढी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, अहिल्यानगर