रेघ गेली राडारोड्यात

संपादक महोदय,

१२ जुलै जवळ आला की पानशेतच्या पुराच्या आठवणी छापून येतात, त्याच त्याच फोटोंसकट. १९६१ साली मी आठ वर्षांचा होतो, नारायण पेठेत. आधी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं, हे सगळं मी नंतर वाचलं. मला आठवतो तो पाणी ओसरल्यावरचा गाळ. आई भिजून फुगलेली तूरडाळ ओंजळीत घेऊन हुंगत होती. टाकावी की वाळवावी, ठरेना. शेवटी वाळवली. आठवडाभर वरणाला नदीचा वास यायचा. (आम्ही भावंडं अजून त्यावरून भांडतो, धाकटीला आठवतच नाही.)

जिन्याच्या सातव्या पायरीशी वडिलांनी भिंतीवर खिळ्याने रेघ ओढली होती, पाणी इथवर. वाडा पाडताना तेवढा तुकडा मी बिल्डरकडे मागितला. ‘काका, राडारोडा कालच गेला की!’

ज्यांच्याकडे अशी रेघ अजून शाबूत आहे, त्यांनी नुसता फोटो काढू नये. टेप लावून जोत्यापासून किती फूट ते लिहून ठेवावं. पूररेषेचा वाद निघाला की तो आकडा लागेल. आमचा मी मोजला नाही.

– एक पूरग्रस्त, गोखलेनगर, पुणे