आमदार होण्याआधी कोण होता ते पण छापा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

विधानसभेला अजून वेळ आहे पण इच्छुकांचे बॅनर चौकाचौकात लागायला लागलेत आणि तुमच्या पेपरात पण आजी-माजी आमदारांच्या कारकिर्दीवर मोठे मोठे लेख यायला लागलेत. वाचतो आम्ही सगळे, हॉटेलात पेपर एकच असतो आणि चहा संपला तरी हातातनं कोण सोडत नाही. पण एक गोष्ट खटकतेय म्हणून लिहितोय. प्रत्येक लेख सुरू होतोय तो माणसाला तिकीट मिळाल्यापासून, मग किती मतांनी आला, कुठल्या पक्षातनं कुठल्या पक्षात गेला, मंत्रिपद हुकलं का मिळालं, आणि संपलं. तिकीट मिळायच्या आधी तो काय करत होता, ग्राम पंचायतीत मेंबर होता का, वॉर्डात नगरसेवक होता का, तिथं त्यानं काय दिवे लावले (खरोखरचे दिवे म्हणतोय मी, खांबावरचे), ते एका ओळीत उरकून टाकताय तुम्ही. माझ्या मते आमदार कसा निघणार ते तिथंच ठरलेलं असतंय.

आपल्या भागातलंच उदाहरण घ्या, संभाजीराव पाटील. बेळगाव महापालिकेतनं वर आलेला माणूस, महापौर झाले आणि 2013 ला महाराष्ट्र एकीकरण समितीच्या (बेळगाव भाग महाराष्ट्रात जावा म्हणणारी ती) पाठिंब्यावर बेळगाव दक्षिणमधनं अभय पाटलांना पाडून आमदार झाले. 2019 ला वारले. त्यांच्या राजकारणाबद्दल ज्याला जे म्हणायचंय ते म्हणू दे, मी काय त्यांचा कार्यकर्ता नव्हे, पण आमदार होईपर्यंत या माणसाचं बरंचसं आयुष्य महापालिकेतच गेलं होतं, हे त्यांचे विरोधक पण मान्य करतील. आणि 2013 सालच नीट बघा की, मार्चमध्ये महापालिकेची निवडणूक झाली त्यात मराठी गटाला बहुमत, आणि मे महिन्यात विधानसभेला दक्षिण आणि खानापूर अशा दोन जागा समितीला. 2008 ला एक पण नव्हती. वॉर्डात माणसं उभी होती, बूथवर त्यांच्या ओळखी होत्या, म्हणून वरच्या जागा आल्या. सप्टेंबर 2021 ला महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा पक्षाच्या चिन्हावर झाली, भाजपला 58 पैकी 35 जागा, समितीची पार वाट लागली, आणि 2023 च्या विधानसभेला परत शून्य. तेव्हा भांडणं, फूट, दोन-दोन उमेदवार या गोष्टी पण होत्याच, ते मी नाकारत नाही, उलट आपल्यातल्या भांडणानं जेवढं घालवलं तेवढं कुणी घालवलं नसेल. पण वॉर्ड गेला की मतदारसंघ जातोय हे काय योगायोगानं होत नाही.

आता पंचायतीचं बघू. आमच्या गल्लीतल्या मेंबरबाई आहेत, पहिल्यांदाच निवडून आल्यात, राखीव जागेवर. सुरवातीला सगळे म्हणत होते नवराच कारभार करणार, आणि पहिले काही महिने तसंच चाललं होतं खरं. मग एकदा शेजारच्या आजींचे गृहलक्ष्मीचे (घरातल्या कर्त्या बाईला सरकार महिन्याला देतंय ते) दोन हजार यायचे बंद झाले, रेशनकार्डावर नाव एक आणि आधारवर आडनावासकट दुसरंच. बाई आजींना घेऊन ऑफिसात गेल्या, तिथं सांगितलं तालुक्याला जावा, तालुक्याला सांगितलं आधी आधार दुरुस्त करून आणा, आधार सेंटरवर सर्वर डाऊन. सगळे अर्ज कन्नडमधनं, आजींना फक्त मराठी येतंय आणि ते पण सही पुरतं. बाईंनी प्रत्येक कागदाचं झेरॉक्स काढून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं, कुणाच्या टेबलावर अर्ज दिला, कुठल्या तारखेला दिला, पाठीमागं पेन्सिलनं लिहून. पैसे सुरू झाले शेवटी. आता त्यांच्या घरात अशा पिशव्या खिळ्याला लटकलेल्या असतात, एकेका घराची एकेक पिशवी, आणि पीडीओ साहेब (पंचायतीचे विकास अधिकारी) ग्रामसभेत "बघूया, करूया" म्हणाले की बाई पिशवी काढून तारीखच वाचून दाखवतात. नवरा आता मागं बसतोय. ही बाई उद्या विधानसभेत बसली तर पुरवणी मागण्यांवर काय बोलायचं हे कुणी शिकवायला लागणार नाही तिला, कारण पैसा कुठं अडकतोय ते तिनं हातानं चाचपून बघितलंय.

पण ती तिथंपर्यंत पोचणार कशी, हाच माझा मुद्दा आहे. कर्नाटकात पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, आणि आपल्या जिल्ह्यात विधानसभेच्या 18 जागा, त्यात 2023 ला निवडून आलेल्या बायका दोन, बेळगाव ग्रामीणच्या लक्ष्मी हेब्बाळकर मॅडम आणि निपाणीच्या शशिकला जोल्ले मॅडम. मधल्या मध्ये बाकीच्या कुठं जातात? मेंबर झाल्यावर पुढची पायरी म्हणजे तालुका पंचायत, जिल्हा पंचायत. ती पायरीच काढून घेतलीय. शेवटचं मतदान 2016 ला झालं, 2021 ला मुदत संपली आणि तेव्हापासून प्रशासक. आधी कोरोना, मग मतदारसंघ पुनर्रचना, ते काम निवडणूक आयोगाकडनं काढून सरकारनं वेगळ्या आयोगाला दिलं, मग आरक्षण, मग कोर्ट. सरकार भाजपचं होतं तेव्हा पण तेच आणि काँग्रेसचं आलं तरी तेच. घटनेत स्पष्ट आहे की मुदत संपायच्या आत निवडणूक घ्यायची, तरी विधानसभेत यावर कोण तावातावानं भांडताना दिसत नाही, आणि का भांडतील? जिल्हा पंचायतीचा मेंबर म्हणजे आमदाराच्या मतदारसंघातला उद्याचा उमेदवार. तो नसला की रस्त्याचा नारळ पण आमदारच फोडणार, कॉन्ट्रॅक्टरला फोन पण आमदाराचाच जाणार, आणि तिकिटाला स्पर्धा पण नाही. प्रशासकाला काय, त्याची बदली झाली की विषय संपला.

शहरात तरी काय वेगळं आहे? महापालिकेनं महाराष्ट्रात जायचा ठराव केला, तो सरकारला आवडला नाही म्हणून 2005 ला बरखास्त, त्याच वेळी महापौर विजय मोरेंच्या तोंडाला बेंगळूरात काळं फासलं गेलं ते कुणी विसरलेलं नाही. 2011 ला परत बरखास्त. मार्च 2013 ला मतदान झालं आणि महापौर बसला तो 2014 च्या मार्चमध्ये. 2019 ला त्या सभागृहाची मुदत संपली, 2021 ला निवडणूक झाली, महापौर मिळाला फेब्रुवारी 2023 ला. म्हणजे निवडून आलेले नगरसेवक दीड वर्ष घरात बसून. आणि एवढं करून महापौरपद एका वर्षाचं, गाऊन शिवून येईपर्यंत टर्म संपायला येते, सगळे अधिकार कमिशनरकडं, महापौर निवडीत आमदार-खासदारांना पण मत. अशात माणूस शिकणार काय आणि दाखवणार काय? तरी पण चोवीस तास पाण्याची योजना काही वॉर्डांत कशी चालली आणि बाकीच्या वॉर्डांत का रखडली, राकसकोप धरणाचं पाणी कुठं गळतंय, स्मार्ट सिटीत एकदा केलेला रस्ता परत कुणी उकरला, हे विचारायचं झालं तर लोक आमदाराकडं जात नाहीत, नगरसेवकाच्याच दारात जातात सकाळी सकाळी.

विधान परिषदेचं पण लिहितो. स्थानिक संस्थांच्या मतांवर आपल्या जिल्ह्यातनं दोन आमदार जातात. कायद्याचा हेतू हा की पंचायत-नगरपालिकेचा आवाज वर जावा. डिसेंबर 2021 ला ती निवडणूक झाली तेव्हा तालुका आणि जिल्हा पंचायतीचे मेंबर मतदार यादीत नव्हतेच, कारण ते अस्तित्वातच नव्हते. निवडून आले लखन जारकीहोळी आणि हेब्बाळकर मॅडमचे भाऊ चन्नराज हट्टीहोळी. निवडून आले ते रीतसर आले, त्याबद्दल तक्रार नाही, पण त्या महिनाभरात तुमच्या पेपरात आणि बाकी सगळीकडं चर्चा काय होती तर कुठलं घराणं कुणाला पाडणार. मेंबर लोकांना कुठल्या रिसॉर्टवर नेलं ह्याच्या बातम्या वाचल्या, मेंबर लोकांची मागणी काय आहे त्याची एक पण वाचल्याचं आठवत नाही.

खालनं आलेला प्रत्येक जण सोन्याचा असतोय असं नाही. काही जण आमदार झाले तरी नगरसेवकच राहतात, गटार, पेव्हर ब्लॉक आणि समुदाय भवन याच्या पलीकडं बोलत नाहीत, हलग्याच्या सुवर्णसौधमध्ये अधिवेशन भरलं की पाहुण्यांना पास मिळवून देण्यातच दहा दिवस जातात. पंचायतीत टक्केवारी शिकून वर गेलेले पण आहेत, नावं तुम्हाला माहीत आहेत. पण निदान त्यांचा हिशेब काढता येतोय, गावात विचारलं की लोक सांगतात. थेट कारखान्यातनं किंवा जमिनीच्या धंद्यातनं येऊन तिकीट घेणाऱ्याचं मागचं काय बघायचं? बॅनरवर नुसतं "युवा नेते" असतंय.

म्हणून विनंती एवढीच. पुढच्या वेळी उमेदवारांची माहिती छापाल तेव्हा संपत्ती आणि गुन्हे छापता तसं हे पण छापा, की कुठल्या पंचायतीत किंवा वॉर्डात किती वर्षं होता, सभेला किती वेळा हजर होता, कुठला ठराव मांडला. हजेरी आणि ठराव दप्तरात असतात, माहिती अधिकारात मिळतात, तुमच्या तालुका वार्ताहरांना हे काम जमण्यासारखं आहे. आणि 2016 ला निवडून आलेल्या आपल्या भागातल्या जिल्हा पंचायत मेंबरांची यादी एकदा छापा, ते आता काय करतात, परत उभं राहायचंय का, विचारा त्यांना. उचगाव, हिंडलगा, कडोली, येळ्ळूर, खानापूरच्या आतल्या भागातनं कोण कोण होतं ते आमच्यातल्या बऱ्याच जणांना आता आठवत पण नाही.

कळावे,

एक वाचक,
बेळगाव तालुका