जवस खायचा, पण कुटून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला जवसावरचा लेख वाचला. गुण भरभरून सांगितलेत. खायचा कसा, याला मात्र ‘रोज एक चमचा घ्या’ एवढी एकच ओळ. घोडे इथेच पेंड खाते.

जवसाची साल चिवट आणि गुळगुळीत. मुखवासासारखा अख्खा तोंडात टाकला, तर बरेच दाणे न चावताच पोटात जातात आणि जसेच्या तसे बाहेर पडतात. मग ओमेगा-3 (शरीराला लागणारे एक स्निग्ध आम्ल) मिळायचे कुठून? कुटलेल्या मोठ्या चमचाभर (साधारण 7 ग्रॅम) जवसातून दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-3 आणि सुमारे 2 ग्रॅम तंतू (फायबर) मिळतात. मासे न खाणाऱ्याला हे थोडे नाही. अर्थात माशातले ओमेगा-3 वेगळे. जवसातल्याचा थोडाच भाग शरीर त्या रूपात बदलू शकते. कोलेस्टेरॉल, रक्तदाब थोडा उतरल्याचे अभ्यासांत दिसले आहे, पण म्हणून कोणी गोळ्या बंद करू नयेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारूनच.

आमच्याकडच्या बायका हे सारे कोणाला न विचारता बरोबर करत आल्या. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचा, निवू द्यायचा, मग सुक्या मिरच्या, लसूण, जिरे, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचा. (मिक्सर जास्त फिरवला की तेल सुटून गोळा होतो.) भाकरी, ही चटणी आणि वर कच्च्या तेलाची धार. भाजल्याने कच्च्या जवसातली सायनाइड तयार करणारी द्रव्येही कमी होतात. कूट लवकर खवट होते, म्हणून थोडेच करावे.

लेखात तेलाचाही उल्लेख होता. हार्डवेअरच्या दुकानातले ‘डबल बॉइल्ड’ अळशीचे (म्हणजे जवसाचेच) तेल लाकडाला लावायचे असते, पोटात घ्यायचे नसते, हे ठळक छापायला हवे होते.

राहता राहिल्या त्या लेखासोबतच्या छायाचित्रातल्या कॅप्सूल. जवस दारात पिकत असताना त्या कशाला? पूर्व विदर्भात धान कापायच्या आधी बांधीतल्या (धानाच्या शेतातल्या) ओलीवर लाखोळी (लाखेची डाळ), जवस फेकून पेरतात. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाच्या वाणांवर संशोधन होते. वाण्याकडे तो सुटा मिळतो. तेव्हा पुढच्या वेळी कॅप्सूलऐवजी चटणीची कृती छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, भंडारा