मशीन नेलं तेव्हाच सांगायला हवं होतं

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तीनदा सांगायला गेले आणि तिन्ही वेळा बाबांच्या शुगरवर बोलून ठेवून दिला. म्हणून लिहिते. मी आता बँकेत जात नाही. राजीनामा गणपतीतच दिला होता. दिवाळीत चार दिवस तुमच्यासमोर बसून फराळ केला आणि तोंड उघडलं नाही, ते मनाला फार लागून राहिलंय.

यांना सगळं माहीत होतं. घराचा हप्ता यांच्या पगारातून जातो, माझा पीएफ तसाच आहे, मेडिक्लेम नवा काढला. वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवल्यावरच कागदावर सही केली. बाबा, तुम्हाला शेडच्या कर्जाचं ते वर्ष आठवेल. मलाही तेच आठवत होतं. एक रुपया कर्ज काढलेलं नाही.

मी शिवते. आई, तुझ्याच मशीनवर. उन्हाळ्यात ‘नुसतं पडून आहे, नेते’ म्हणाले ते याचसाठी.

पावसाळ्यात माझी छाती भरली की तू तव्यावर ओवा गरम करायचीस, बाबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधायचीस आणि आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचीस. त्याच शेकाच्या पिशव्या मी करते. आत मांजरपाटाची पिशवी, त्यात ४०० ग्रॅम जवस आणि मूठभर ओवा, वरून जुन्या सुती साडीची खोळ. जवस चपटा आणि गुळगुळीत असतो, मानेच्या वळणाला बरोबर बसतो. मध्ये दोन टिपा मारून तीन कप्पे करते, नाहीतर सगळं बी एका कोपऱ्यात जातं. गच्च भरत नाही. मांजरपाट आटतो म्हणून आधी भिजवून वाळवते. दोरासुद्धा सुती, कारण पॉलिएस्टर तापलं की वितळतं. आणि बाबा, कापड आपल्या इचलकरंजीचंच आहे. गिऱ्हाइकानं विचारलं की मी तुमच्यासारखंच सांगते, १९०४ साली आमच्या गावात पहिला यंत्रमाग आला.

मागच्या रविवारी कोथरूडला एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं. २६ पिशव्या नेल्या, १९ गेल्या. बदामाच्या आकाराच्या उशाही ठेवल्या होत्या. स्तनाच्या ऑपरेशननंतर काखेत धरायच्या, म्हणजे हात जखमेला घासत नाही. एक बाई बहिणीसाठी घेऊन गेल्या. पैसे देताना त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसती उशी छातीशी धरून उभ्या राहिल्या. मला मावशीजवळ टॉवेलची घडी धरून बसलेली तू दिसलीस. तेव्हा अशी एखादी उशी आपल्याला कुणी दिली असती तर, असं सारखं वाटत राहिलं.

बाळंतविड्यासाठी मोहरीची उशी पुष्कळ जणी मागतात. ती मी विकत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना उशीच नको, असं डॉक्टर सांगतात. तू नातवासाठी केलेली मात्र माझ्या कपाटात जपून आहे. मनाला लावून घेऊ नकोस, तेव्हा आपल्याला कुठं माहीत होतं?

तुला काय वाटेल ते मला ठाऊक आहे. ‘पोरीनं मशीनवर बसू नये म्हणून मी बसले.’ माझी सगळी फी त्या ब्लाउजांतून गेली, तुझी पाठ त्यात गेली. ते मी वाया घालवत नाहीये गं. मशीनला मोटर बसवलीय, पाय मारावा लागत नाही. टेबल खिडकीशी आहे, डोक्यावर चांगला दिवा आहे, तासाभरानं उठतेच. दुपारी गरम जेवते, बँकेत डबा गार व्हायचा. रात्री शिवत नाही. रात्री शिवणारी तू होतीस. मी मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात झोपायचे, बाबा रात्रपाळीला असायचे. लाइट गेली की माग थांबायचे आणि त्या शांततेनं मला जाग यायची. मग तू वाकून अंगावर पदर टाकायचीस. अजूनही मशीन चालू असलं की मला बरं वाटतं.

सोबत दोन पिशव्या पाठवल्यात. दादानं दिलेल्या मायक्रोवेव्हवरचं क्रोशाचं झाकण काढ आणि तो वापर. शेजारी पेलाभर पाणी ठेवून एक मिनिट, जास्त नाही. तव्यावर अजिबात नाही. पूर्ण गार झाल्याशिवाय परत तापवायची नाही. धुवायची ती फक्त खोळ. बाबा, तुम्ही तळपायाला लावायची नाही. पायाला चटका कळत नाही तुम्हाला, गेल्या वर्षीचा फोड विसरला असाल, मी नाही. खांद्याला लावा, तीही आईनं आधी बघून दिलेली. तीन महिन्यांची शुगर तपासायची राहिलीय, या आठवड्यात जाऊन या आणि रिपोर्टचा फोटो पाठवा.

काकांना इतक्यात सांगू नका. रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला.

आई, जुन्या सुती साड्या बोहारणीला देऊ नकोस. ती हिरवी तर नाहीच. पौर्णिमेला येते, तेव्हा कुठली कापायची आणि कुठली ठेवायची ते तूच सांग.

तुमची,
ताई