टर्बोला लॅपटॉप लावण्याआधी फिलर गेज लावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘तासाभरात तीस हॉर्सपॉवर वाढवून देतो’ अशा जाहिराती सध्या कोल्हापुरात मोबाइलवर फिरत आहेत. ताकद वाढते, यात खोटे काही नाही. टर्बो (इंजिनात दाबाने हवा कोंबणारा पंखा) असलेल्या पेट्रोल इंजिनाच्या संगणकातला मॅप, म्हणजे हवा-इंधन-ठिणगीचा तक्ता, लॅपटॉपवरून बदलून बूस्ट (हवेचा जादा दाब) आणि इंधन वाढवले की वीस-पंचवीस टक्के फरक पडतो. मात्र मॅप हे सगळ्यात शेवटचे काम आहे, आणि इथे तेच एकमेव काम म्हणून विकले जाते.

आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, तपासावे. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडलेला. सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत निघाली तर मॅपचा विषय तिथेच संपवावा. मग इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजमध्ये एक बार दाबापर्यंत हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी टाकावे. गळती असेल तर ठरलेला दाब गाठण्यासाठी टर्बो जादा वेगाने फिरतो, आणि छोटा टर्बो मुळातच मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात असतो. प्लग एक श्रेणी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घ्यावेत, त्यांच्या टोकांमधला गॅप फिलर गेजच्या पातळ पट्टीने मोजून ०.६ ते ०.७ मिमी ठेवावा. मोठ्या गॅपवर वाढीव दाबात ठिणगी विझते, गाडी अडखळते आणि दोष बिचाऱ्या इग्निशन कॉइलवर जातो.

डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनात ऑइल एपीआय एसपी (डब्यावर छापलेली प्रतवारी) किंवा त्याहून नव्या दर्जाचेच हवे. कमी फेऱ्यांवर जास्त भार पडला की ऑइलमिश्रित थेंबामुळे ठिणगीच्या आधीच पेट घेतला जातो, आणि एवढ्या एका स्फोटात पिस्टन फुटू शकतो. कॅल्शियम जास्त असलेल्या जुन्या दर्जाच्या ऑइलमध्ये हा धोका वाढतो. वाढीव मॅपवर करूळ घाट चढताना वरच्या गिअरमध्ये दीड हजार फेऱ्यांवर पाय दाबून धरणे म्हणजे त्याला आमंत्रणच. गिअर खाली घ्या.

उष्णतेचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. इथे हवेचा दाब साधारण ०.९५ बार. बाहेर ३५ अंश असताना एक बार बूस्टवर कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा सुमारे १३५ अंशांची असते. बूस्ट १.३ बार केला की ती १६० च्या पुढे जाते. कंपनीचा इंटरकूलर पहिल्या आकड्यासाठी बनवलेला असतो. तो कमी पडला की नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठोकठोक) सुरू होते, संगणक इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि विकत घेतलेली ताकद घाटातच परत जाते. यावर काही जण नॉक आणि तापमानाची दुरुस्तीच मॅपमधून बंद करतात. ताकदीचा आलेख छान दिसतो, पिस्टन जातो. असे करणाऱ्याला मी ट्यूनर म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. परदेशी मॅप ९५-९८ ऑक्टेनवर (नॉकिंग टाळण्याच्या पेट्रोलच्या क्षमतेचा आकडा) लिहिलेले असतात; आपल्या पंपावरचे साधे पेट्रोल तेवढेच असेल असे धरून चालू नये. शिवाय ई-२० मध्ये (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये) पूर्ण ज्वलनाचे हवा-इंधन प्रमाण १४.७ नसून १३.५ च्या आसपास येते. म्हणून मिश्रणाचे मीटर लॅम्बडामध्ये (पूर्ण ज्वलनाला लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे, तो आकडा) वाचावे आणि पूर्ण भारावर ०.८० च्या जवळ ठेवावे. इंधन जास्त लागत असल्याने हाय-प्रेशर पंप लवकर दमतो. वरच्या फेऱ्यांवर रेल प्रेशर (इंजेक्टरांना मिळणाऱ्या इंधनाचा दाब) पडू लागले की तीच त्या इंजिनाची मर्यादा.

याहून जास्त ताकद हवी असेल तर इंजिन खोलावे लागते, आणि इथे आपल्या उद्यमनगराचा हात कोणी धरणार नाही. फक्त ऑइल इंजिन व ट्रॅक्टरच्या लायनरची (सिलिंडरच्या आतल्या नळीची) मापे इथे चालवू नयेत. ७५ मिमी बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) पिस्टनच्या वरच्या रिंगेच्या दोन टोकांतला गॅप ०.४० ते ०.४५ मिमी ठेवावा (पिस्टनसोबत आलेला तक्ता वेगळे सांगत असेल तर तोच खरा). ‘गॅप कमी तेवढे काम चोख’ ही समजूत टर्बोला मारते. तापल्यावर रिंगेची टोके एकमेकांना भिडतात, बोअर ओरखडतो आणि दोन खाचांमधली पिस्टनची कड तुटते. फोर्ज्ड (घडीव) पिस्टन जास्त फुगतो, त्यामुळे साध्या पिस्टनच्या ०.०३-०.०५ ऐवजी मिश्रधातूनुसार बोअरमध्ये ०.०७ ते ०.१० मिमी मोकळीक लागते. थंड इंजिनात थोडी खटखट येईल, तिला घाबरू नये.

होनिंग (बोअर घासून नेमक्या मापाचा करणे) टॉर्क प्लेट लावूनच करून घ्यावे. हेडचे (सिलिंडरांवरच्या झाकणाचे) बोल्ट आवळल्यावर बोअर किंचित वाकडा होतो. जाड पोलादी प्लेट तेवढ्याच टॉर्कने (पिळाच्या जोराने) आवळून होन केला तरच हेड बसल्यावर तो गोल राहतो. बहुपदरी स्टीलच्या गॅस्केटसाठी हेड आणि ब्लॉकच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.८ मायक्रॉन किंवा त्याहून कमी हवा. टॉर्कनंतर आणखी ठरावीक अंश फिरवून आवळायचे बोल्ट नवेच वापरावेत. टर्बोच्या ऑइल लाइनला सिलिकॉन सीलंट अजिबात लावू नये. त्याचा तुकडा सुटून बेअरिंगचे ऑइल बंद झाले की टर्बो गेलाच.

वाढीव ताकदीला क्लच आणि ब्रेकही तसेच लागतात, हे वेगळे सांगायला नको. कायद्याचे मात्र सांगतो. परवानगीविना केलेल्या बदलासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि विमा कंपनीला न कळवल्यास दावा अडकतो.

तेव्हा पैसे मोजण्याआधी ग्राहकाने पूर्ण भारावरच्या धावेचा लॉग (संगणकातली नोंद) मागावा: बूस्ट, लॅम्बडा, रेल प्रेशर, इंटरकूलरनंतरच्या हवेचे तापमान आणि प्रत्येक सिलिंडरला इग्निशन किती अंश मागे गेले ते. तो देता येत नसेल तर मूळ मॅप परत टाकून घ्यावा.

आपला,
एक इंजिन फिटर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर